लाईनचा कोच कोण हवा? आधी खोलीत कोण बसलंय ते बघा

प्रश्न : मी अमेरिकेत मिडवेस्टमध्ये राहतो. इथल्याच एका मोठ्या सरकारी विद्यापीठात शिकलो आणि तेव्हापासून त्याच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा चाहता आहे. आम्ही सहा मराठी घरं मिळून सीझन तिकिटं काढतो, सामन्याच्या दिवशी सकाळपासून पार्किंगमध्ये टेलगेट, म्हणजे गाड्यांशेजारी खाणंपिणं, करतो. फेब्रुवारीत आमचा ऑफेन्सिव्ह लाईनचा (प्रतिस्पर्ध्यांना अडवून आपल्या चेंडूवाल्याला वाट करून देणाऱ्या पाच जणांचा) कोच एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये गेला आणि त्याच्या जागी कोण यावं यावरून आमच्यात तट पडलेत. आमच्यातले वयाने मोठे, ज्यांना सगळे दादा म्हणतात, त्यांना संघाचा जुना, एनएफएल गाजवलेला लाईनमन हवा. दोघांना एका लहान कॉलेजातला कोच हवा, कारण त्याच्या लाईनचे आकडे जबरदस्त आहेत. माझं मत, चार वर्षं संघातच ॲनलिस्ट (कोचांना मदत करणारा अभ्यासक) असलेल्या माणसाला बढती द्यावी. हेड कोच आणि ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (आक्रमणाची आखणी करणारे) तेच आहेत, लाईनच्या पाचातले तीन स्टार्टर परत आलेत. परवा ग्रुपवरच्या वादात मी दादांना ‘तुम्हाला लाईनमधलं काय कळतं’ म्हणून बसलो. तेव्हापासून ते ग्रुपवर एक शब्द बोललेले नाहीत. शिवाय माझा सोळा वर्षांचा मुलगा आमच्याकडे येऊ घातलेल्या शाळकरी खेळाडूंना ‘कोच गेला तरी तू येच’ असे मेसेज पाठवतोय. योग्य माणूस कोण हे ठरवायचं कसं? आणि दादांचं काय करू?

उत्तर : सगळ्यात आधी मुलाचे मेसेज थांबवा. आज, हे वाचून झाल्यावर लगेच. सीझन तिकिटांसाठी बरेचदा क्रीडा विभागाला देणगी द्यावी लागते, आणि देणगी दिली की एनसीएएच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेच्या, लेखी तुम्ही ‘बूस्टर’ होता. बूस्टरने खेळाडूला आपल्या कॉलेजकडे वळवण्यासाठी संपर्क करणं नियमात बसत नाही. घरातल्या मुलाने केलं तर काय, हा प्रश्न पडत असेल तर विद्यापीठाच्या कम्प्लायन्स ऑफिसला फोन करून विचारा, ते अशा शंकांसाठीच असतं. आणि नियम बाजूला ठेवला तरी, समोरचा मुलगाही सोळा-सतरा वर्षांचाच आहे. ज्या माणसाच्या भरवशावर तो येणार होता तो निघून गेलाय, आणि शेकडो अनोळखी लोक त्याच्या फोनवर आहेत. त्याला आत्ता शांतता हवी.

आता मुख्य मुद्दा. संघाचं नाव तुम्ही कळवलंय, पण नेमणूक व्हायची आहे म्हणून इथे छापत नाही. तुमच्या तिन्ही गटांची चूक एकच आहे. वाद नावांपासून सुरू झालाय. जागा कसली आहे, तिथे पहिल्या सहा महिन्यांत नेमकं कोणतं काम करायचंय, हे कोणीच मांडलेलं नाही. ते मांडलं की तुमचा निम्मा वाद आपोआप मिटेल.

लाईन कोचच्या खोलीत साधारण पंधरा ते अठरा मुलं असतात. खेळतात पाच (मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, कडेला टॅकल), आणि ही पाच जणं एका श्वासाने हलावी लागतात. संघाची धाव, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळण्याचा खेळ, मुख्यतः झोन पद्धतीची आहे की गॅप पद्धतीची, हा पहिला प्रश्न. झोनमध्ये लाईन एका दिशेने एकत्र सरकते आणि ज्याच्या वाट्याच्या जागेत जो येईल त्याला तो अडवतो. गॅपमध्ये, म्हणजे ‘पॉवर’ किंवा ‘काउंटर’मध्ये, एखादा गार्ड आपली जागा सोडून मागून धावत पलीकडे जातो आणि तिथे वाट मोकळी करतो. पहिलं पाऊल वेगळं, हातांची जागा वेगळी, सेंटरने स्नॅपआधी (चेंडू मागे देऊन डाव सुरू करण्याआधी) ओरडून सांगायच्या खुणा वेगळ्या. पास अडवतानाही तसंच. काही कोच टॅकलला सरळ मागे सरकायला शिकवतात, काही तिरकं, काही चटकन पुढे जाऊन धडकायला. तुमचा कोऑर्डिनेटर तोच राहणार असेल तर खेळाची भाषा त्याची राहणार. नवा लाईन कोच वेगळी भाषा घेऊन आला तर दोघांपैकी एकाला शिकावं लागेल, आणि त्याचा भुर्दंड मुलांना पडेल.

कारण वेळ नाही. वसंतातल्या सरावाला एनसीएए पंधरा दिवस देते. प्रत्येक सरावात लाईन कोचला आपल्या मुलांसोबत वेगळा मिळणारा वेळ दहा ते वीस मिनिटांचा. म्हणजे सगळे मिळून पाच तास धरा, फार तर. हंगाम सुरू झाला की खेळाडूंवर आठवड्याला २० तास आणि दिवसाला ४ तासांची मर्यादा, त्यातच व्यायाम, फिल्म आणि पूर्ण संघाचा सराव. पंधरा मुलांच्या पायांची सवय बदलायला हे फार थोडं आहे.

त्यात कोच फेब्रुवारीत गेलाय, हे तुमच्यापैकी कोणीच लक्षात घेतलेलं दिसत नाही. एनएफएलचा हंगाम संपला की तिथले स्टाफ बदलतात आणि कॉलेजांतले सहायक उचलले जातात, म्हणून कोच जाण्याची ही लाट दरवर्षी येते. पण २०२६मध्ये ट्रान्सफर पोर्टलची, म्हणजे खेळाडूंनी कॉलेज बदलण्याची, मुदत २ ते १६ जानेवारी अशी एकदाच होती, वसंतातली जुनी मुदत रद्द झाली. हेड कोच बदलला तर खेळाडूंना वेगळी मुदत मिळते, सहायक कोच गेला तर मिळत नाही. तेव्हा तुमचे तीन स्टार्टर पळून जाणार ही भीती सोडा. आणि नवा कोच येताना दोन तयार टॅकल घेऊन येईल ही आशाही सोडा. जे खोलीत बसलेत त्यांनाच शिकवायचं आहे. याउलट, पुढच्या वर्षी येणारी शाळकरी मुलं तेवढी हाताला लागण्यासारखी आहेत. एप्रिलच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत कोच शाळाशाळांतून फिरतात, जूनमध्ये मुलं कॅम्पसवर येतात, सह्या डिसेंबरच्या सुरुवातीला. एप्रिलपर्यंत खुर्ची रिकामी राहिली तर तो वर्ग हातचा जातो.

आता तुमच्या तीन उमेदवारांकडे येऊ.

दादांचा खेळाडू. खेळलेला माणूस मुलांच्या नजरेत पहिल्याच दिवशी मोठा असतो, भरतीला गेला की दार उघडतं, हे खरंच आहे. पण करता येणं आणि शिकवता येणं या वेगळ्या विद्या आहेत. आपल्याला हे कोणी वेगळं सांगायला नको: रमाकांत आचरेकर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले होते. म्हणून दादांच्या माणसाबद्दल विचारायचा प्रश्न हा, की निवृत्तीनंतर त्याने कुठे, किती हंगाम, कोणत्या वयाच्या मुलांना शिकवलंय? उन्हाळी शिबिरं धरू नका. रोजची फिल्म, रोजच्या चुका, तिसऱ्या फळीतल्या मुलाला उभं करणं, हे त्याने केलंय का? ओहायो स्टेटमध्ये कोच झालेल्या ब्रायन हार्टलाईनचं उदाहरण दोन्ही बाजूंनी दिलं जातं. तो त्याच कॉलेजचा रिसीव्हर (पास झेलणारा), एनएफएलही खेळलेला. पण २०१७चं वर्ष त्याने क्वालिटी कंट्रोलच्या, म्हणजे पडद्यामागच्या मदतनिसाच्या, साध्या कामात काढलं, २०१८मध्ये हंगाम तोंडावर असताना रिसीव्हरांची तात्पुरती जबाबदारी मिळाली, मग ती कायम झाली. पुढे गॅरेट विल्सन, क्रिस ओलावे, जॅक्सन स्मिथ-एनजिग्बा, मार्विन हॅरिसन ज्युनिअर, एमेका एगबुका असे त्याच्या हाताखालचे रिसीव्हर एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये (खेळाडू निवडीत) पहिल्या फेरीत गेले. दादांना सांगा, त्यांचं उदाहरण बरोबर आहे, मधली पायरी तेवढी गाळू नका.

लहान कॉलेजातला कोच आणि त्याचे आकडे. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण लाईनच्या आकड्यांनी भलेभले फसतात. कॉलेज फुटबॉलच्या अधिकृत हिशेबात क्वार्टरबॅकच्या (पास फेकणाऱ्याच्या) सॅकमध्ये, म्हणजे पास टाकण्याआधीच तो पाडला गेल्याने, गेलेले यार्ड धावण्यातून वजा होतात. एनएफएलमध्ये ते पासच्या खात्यातून जातात. त्यामुळे बॉक्स स्कोअर जसाच्या तसा वाचला तर चित्र उलटं दिसतं. समजा एका सामन्यात ३८ धावांत ११८ यार्ड लिहिलेत. सरासरी ३.१, म्हणजे लाईन ढिसाळ. पण त्यात ५ सॅक असतील आणि त्यात ३७ यार्ड गेले असतील, तर खऱ्या धावा ३३ आणि यार्ड १५५. सरासरी ४.७. धाव उघडण्यात ही लाईन चांगली आहे, दुखणं पास अडवण्यात आहे. हे कागदावर करायला दोन मिनिटं लागतात, आणि तुमच्या मित्रांनी ते केलंय का ते विचारा.

सॅकही नुसते मोजू नका. सॅकना पास आणि सॅक यांच्या बेरजेने भागा. एका संघाने ४०० पास टाकले आणि ३० सॅक खाल्ले तर ४३०मध्ये ३०, म्हणजे सात टक्के. दुसऱ्याने २७० पास टाकून तेवढेच ३० खाल्ले तर दहा टक्के. वर्षअखेरच्या यादीत दोघं एका रांगेत दिसतील. शिवाय काही सॅक क्वार्टरबॅकचे असतात. चेंडू हातात धरून बसणारा पोरगा कोणत्याही लाईनला बदनाम करतो. म्हणून क्वार्टरबॅक बदलला त्या वर्षी सॅकचं प्रमाण किती हललं ते आवर्जून बघा. माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक दोन आकडे म्हणजे तिसऱ्या-चौथ्या डाऊनला (दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांतल्या शेवटच्या दोनांत) एक-दोन यार्ड हवे असताना किती वेळा मिळाले, आणि लाईनमननी केलेले फॉल्स स्टार्ट (डाव सुरू होण्याआधीच हलणं). पहिल्यात ताकद आणि तंत्र कळतं, दुसऱ्यात खोलीची शिस्त.

आणि तो संघ खेळतो काय, ते तपासा. २०२४मध्ये देशातल्या सर्वोत्तम लाईनचा ‘जो मूर’ पुरस्कार आर्मीला (अमेरिकी लष्करी अकादमीच्या संघाला) मिळाला. पूर्ण हक्काचा. पण आर्मीचा खेळ ऑप्शनच्या (चेंडू द्यायचा की घेऊन पळायचं हे क्वार्टरबॅकने ऐनवेळी ठरवण्याच्या) परंपरेतला, चेंडू बहुतेक वेळ जमिनीवर. तुमचा संघ सामन्याला पस्तीस पास टाकत असेल तर तिथल्या लाईनचं कौतुक करून पुढे जायचं, ते तंत्र उचलून आणता येत नाही. तुमच्या मित्रांच्या कोचबाबत तीन हंगाम घ्या, तो यायच्या आधीचा एक जोडा, आणि त्याचे चांगले लाईनमन कुठून आले ते लिहा. शाळेतून आलेल्या, फारशी मागणी नसलेल्या मुलाला त्याने तिसऱ्या वर्षी उभं केलं असेल तर ते त्याचं काम. मोठ्या कॉलेजातून पोर्टलमार्गे तयार माणूस आणला असेल तर ती खरेदी. दोन्हीला किंमत आहे, पण तुमच्याकडे यंदा खरेदीचा दरवाजा बंद आहे.

आकडे झाले की फिल्म. त्याच्या संघाचा सप्टेंबरातला एक आणि नोव्हेंबरातला एक असे दोन सामने मिळवा, एकच खेळाडू धरा, डावा गार्ड घ्या. चेंडू विसरा, फक्त त्याचे पाय बघा. इनसाईड झोनला पहिलं पाऊल वीतभर, बस. दुसरं पाऊल जमिनीवर टेकलेलं असताना धडक बसली पाहिजे. पाय हवेत असताना धडक बसली की तीनशे पौंडांचा माणूसही मागे ढकलला जातो. सप्टेंबरात हे दहातल्या चार वेळा जमत होतं आणि नोव्हेंबरात आठ वेळा, तर तिथे कोणीतरी शिकवतंय. मग बघा, समोरचे दोघं जागा अदलाबदल करून घुसतात तेव्हा गार्ड आणि टॅकल एकमेकांचा माणूस सोडून नवा धरतात का, की दोघंही पहिल्याच्याच मागे जातात. प्रतिस्पर्धी तोडीचा निवडा. ऑगस्टअखेरच्या दुबळ्या संघापुढे सगळेच गार्ड देखणे दिसतात.

राहिला तुमचा ॲनलिस्ट. जून २०२४पर्यंत ॲनलिस्टला मैदानात खेळाडूंना शिकवायला मनाई होती. तेव्हा एनसीएएने नियम बदलला आणि स्टाफमधल्या कोणालाही सरावात, सामन्यात तंत्र शिकवायची मुभा दिली. कॅम्पसबाहेर जाऊन भरती करण्याची मर्यादा मात्र त्या निर्णयात हेड कोच अधिक दहा सहायक अशीच ठेवली. म्हणून तुमच्या माणसाबद्दल पहिला प्रश्न, गेल्या दोन हंगामांत त्याने खोलीत प्रत्यक्ष शिकवलंय का, की तो कोऑर्डिनेटरसाठी कट-अप (फिल्मचे निवडक तुकडे) आणि अहवाल करत होता? दोन्ही कामं मोलाची, पण लाईन कोचची तयारी पहिल्यातच होते. दुसरा प्रश्न, कोणाच्या घरी जाऊन आईवडिलांसमोर बसून त्याने कधी मुलगा मिळवलाय का? चार वर्षं आत असलेल्या माणसाचं हे अंग बहुधा तपासलेलंच नसतं, आणि बढत्या इथेच फसतात. त्याच्या बाजूने मोठी गोष्ट म्हणजे तो खोलीची भाषा बोलतो आणि मुलं त्याला ओळखतात. ओळखीचं वजन हेड कोच किती धरतात ते २०२४च्या फेब्रुवारीत दिसलं. ओहायो स्टेटने जानेवारीत घेतलेला कोऑर्डिनेटर बिल ओब्रायन बॉस्टन कॉलेजचा हेड कोच झाला, आणि रायन डे यांनी चिप केली यांना आणलं. केली तेव्हा यूसीएलएचे हेड कोच होते, आणि डे न्यू हॅम्पशायरला क्वार्टरबॅक असताना तिथले कोऑर्डिनेटर केलीच होते. हंगाम २० जानेवारी २०२५ला नोत्र दामवर ३४-२३ अशा विजयाने, राष्ट्रीय विजेतेपदाने संपला.

यशाचं श्रेय एका सहायकाच्या नावावर लिहिण्याची घाई मात्र करू नका. एलएसयूने (लुइझियाना स्टेट विद्यापीठाने) २०१९ला एनएफएलच्या सेंट्स संघाकडून जो ब्रेडीला पासिंग गेमसाठी आणलं, क्वार्टरबॅक जो बरोच्या टचडाउन पासची संख्या आदल्या वर्षीच्या १६वरून ६०वर गेली, संघ १५-० राहिला, ब्रेडीला सर्वोत्तम सहायकाचा ब्रॉयल्स पुरस्कार मिळाला. तो गेला, २०२०ला एलएसयू ५-५. चाहते म्हणतात, बघा, सगळं ब्रेडीचं होतं. पण बरो गेला, रिसीव्हर जस्टिन जेफरसन गेला, दुसरा रिसीव्हर जमार चेस ते वर्ष खेळलाच नाही, आणि त्याच २०१९ला एलएसयूच्या लाईनला जो मूर पुरस्कारही मिळाला होता. उलटंही होतं. ओहायो स्टेटचे रनिंग बॅकचे (चेंडू घेऊन पळणाऱ्यांचे) कोच टोनी अल्फर्ड मार्च २०२४मध्ये, वसंत सराव सुरू झालेला असताना, थेट मिशिगनला गेले. एप्रिलमध्ये ओरेगॉनहून कार्लोस लॉकलिन आले. त्या हंगामात क्विनशॉन जडकिन्स १०६० आणि ट्रेवियन हेंडरसन १०१६ यार्ड धावले. लॉकलिन यांनी खोली उत्तम सांभाळली, पण जडकिन्स आधीच्या ओल मिसमध्ये (मिसिसिपी विद्यापीठात) पहिल्याच वर्षी १५६७ यार्ड धावलेला होता, हे विसरून हिशेब करता येत नाही.

अफवांबद्दल थोडंसं. विमानांचा माग काढणं, कोण कोणाला फॉलो करतंय ते बघणं, यातून फार तर मुलाखत झाली इतकं कळतं. काही नावं एजंटच सोडतात, आहे त्या नोकरीत पगार वाढवून घ्यायला. सरकारी विद्यापीठांचे करार बहुधा सार्वजनिक असतात, तेव्हा ते लहान कॉलेजही सरकारी असेल तर तिथल्या कोचच्या करारातली बायआउटची (करार मध्येच सोडताना भरायची) रक्कम आणि ती कोणत्या तारखेला उतरते, हे शोधा. काही विद्यापीठांना जागेची जाहिरात ठरावीक दिवस लावावी लागते. त्या काळात काही घडत नाही म्हणून हेड कोचला झोडपू नका.

माझं मत विचारलंत म्हणून सांगतो. कोऑर्डिनेटर तोच, तीन स्टार्टर हजर, पोर्टल बंद, वसंत सराव तोंडावर. या परिस्थितीत मी तुमच्या ॲनलिस्टच्या बाजूने आहे, त्याने दोन हंगाम खोलीत प्रत्यक्ष शिकवलं असेल तरच. नसेल तर लहान कॉलेजातला कोच, त्याची पद्धत जुळत असेल तर. आणि दादांच्या खेळाडूलाही जागा आहे. २०२४च्या नियमामुळे तो दहातली खुर्ची न अडवता मैदानात शिकवू शकतो, दुसऱ्या फळीतले गार्ड-सेंटर त्याच्याकडे देता येतील. दोन वर्षांत तो खराखुरा उमेदवार होईल. हे तुमच्या वादात कोणालाच सुचलेलं नाही, आणि दादांना सांगण्यासारखं आहे.

दादांकडे मात्र हा मुद्दा घेऊन जाऊ नका, निदान आधी नको. तुम्ही त्यांना जे बोललात ते खेळाबद्दल नव्हतं, त्यांच्याबद्दल होतं, आणि सगळ्यांसमोर होतं. ग्रुपवर ‘सॉरी दादा’ टाकून ते पुसलं जाणार नाही. घरी जा. ‘मी बोललो ते चुकलं’ एवढंच म्हणा, ‘पण’ लावू नका. त्यांनी चहा पुढे केला की मग ग्रुपवरही लिहा, कारण अपमान तिथे झाला होता.

नंतर सहा घरांनी एकदा जमा आणि प्रत्येकाने नाव न घालता कागदावर लिहा: लाईनला काय कमी आहे, नव्या माणसाला पहिल्या पंधरा सरावांत काय करावं लागेल, डिसेंबरला किती लाईनमन सही करायला हवेत. कागद वाचून झाले की नावं काढा. ज्याचं जे भाकीत ते तारखेसह लिहून ठेवा आणि सहाव्या सामन्यानंतर उघडा. मुलालाही बसवा. सॅक वजा करून सरासरी काढायचं काम त्याच्याकडे द्या, फोनवरचा वेळ तिथे सत्कारणी लागेल. दादांकडे जाताना मागच्या नोव्हेंबरातल्या सामन्याची फिल्म बरोबर न्या आणि त्यांना उजव्या टॅकलचं दुसरं पाऊल बघायला सांगा. तुम्ही दोघं जे बघाल त्यावर एकमत होणार नाही, तेव्हा रात्रीचं जेवण तिथेच आहे असं घरी सांगून निघा.